तिच्या फ्रॉकची ट्रायल

सोमवार, ४ मार्च

गेले एकदाचे! मुलगा, सून, नात — तीन माणसं आणि पाच बॅगा. आता घर इतकं शांत, की फ्रिजची घरघर ऐकू येतेय. गाद्या उन्हात टाकल्या. नातीने भिंतीवर काढलेला घोडा पुसला. अर्धाच निघाला.

हे मशीनपाशी. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाचं डोकं गेलं, हात तेवढे राहिले. नातीचं माप घेऊन फ्रॉक बेतला, कच्चे टाकेही घातले. मला म्हणतात, "पोर कुठंय? ट्रायलला बोलाव तिला."

"अहो, सकाळीच गेले ना ते सगळे घरी! तुम्हीच नाही का हात हलवला?"

"हो का?"

दहा मिनिटांनी परत — "पोर कुठंय?"

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर तेच. जेवताना तेच. मी न्हाणीघरात, तर दारावर टकटक — "बोलाव तिला, बाही बसवायचीय."

निघताना सून डोळे पुसत म्हणाली होती, "आई, किती शांतपणे करता तुम्ही यांचं!" घेऊन जा म्हणावं दोन दिवस. कळेल.

गुरुवार, ७ मार्च

बोलून गेले.

दूध उतू चाललं होतं, आणि हे मागे उभे. "ट्रायलला—"

"मेली ती!" म्हटलं. "मेली! आता नाही यायची."

यांनी सुईतला दोरा काढला. सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. मग विचारलं, "कशाने?"

मला सुचेना. "तापाने," म्हटलं.

रडले. लहान मुलासारखे नाही — मोठ्या माणसासारखे, तोंडावर हात दाबून.

वाटलं, घटकाभरात विसरतील. पण दुपारभर विचारलं नाही. दुपारभर! मी पेपर वाचला. अख्खा.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी पाटी कोरी. "पोर कुठंय?"

सांगितलं. तसेच रडले. "कशाने?"

या वेळी शोधावं लागलं नाही.

रविवार, १० मार्च

एकदा सांगितलं की पाच-सहा तास निवांत. न्याहारी झाल्यावर सांगते. आधी सांगितलं तर खात नाहीत.

हे मी लिहिलंय. मीच!

बुधवार, १३ मार्च

आज विचारलंच नाही. फ्रॉक उसवत बसले होते. एकेक टाका, कापड जराही न ओढता. तुकड्यांना इस्त्री केली, घड्या घातल्या. "दुसऱ्या कुणाच्या पोरीला होईल."

मी यांच्या पुढ्यात बसले. "अहो, ती आहे! धडधाकट आहे. शाळेत जातेय. खोटं बोलले मी!"

यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असं वाटतं गं सुरुवातीला," म्हणाले.

शनिवार, १६ मार्च

मुलाचा फोन. म्हटलं, सुटले! "पोरीला दे," म्हटलं आणि स्पीकर लावून यांच्या कानाशी धरला.

"आजोबा, माझा फ्रॉक झाला?"

हे मग फार मायेने म्हणाले, "कुणाची गं तू, बाळ? आमच्या नातीचा आवाज अगदी असाच होता."

"होता?" पोर म्हणाली.

मुलाने फोन घेतला. "आई, बाबा असं काय बोलतात? 'होता' म्हणजे?"

सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"अरे, त्यांच्या बोलण्याचं काय घेऊन बसलास!" — हेच बाहेर पडलं.

मागून सूनबाईचा आवाज. "बिचाऱ्या आई! कसं सोसतात कोण जाणे."

रविवार, १७ मार्च

यांनी दिवसभर मशीनला हात लावला नाही. मीच विचारलं, "पोरीची आठवण येते का?" बघत राहिले माझ्याकडे.

सोमवार, १८ मार्च

पाणी द्यायला गेले, तर उठून उभे राहिले. परकी बाई घरात आली की उठतात, तसे. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आमची ही बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात. नातीचं तिला माहीत नाही अजून. तुम्ही एकदम काही बोलून जाऊ नका. मी सांगेन तिला — हळूहळू."