वकीलसाहेबांचा डावा खांदा

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर अजून तेवढं ऐकते). तुझे गुडघे आणि भावजींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. तुझी लेक खुशाल आहे. माझं मात्र विचारू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी तिला सौम्य स्वमग्नता असल्याचं सांगितलं आणि तू तिला माझ्या शिवणाच्या दुकानात धाडलंस. महिनाभर बघ, नाही जमलं तर परत नेईन, पण तिला माणसांपुढे उभी करू नकोस, असं बजावलंस. म्हणून मी तिला मागच्या खोलीत काज-बटणांवर बसवलं. (मशीनच्या आवाजाचा तिला त्रास होतो, म्हणून कानांवर हेडफोन चढवते. बटणं मात्र अशी एका रेषेत, की पट्टी लावून बघावी.) पण पहिल्याच आठवड्यात मंगळवारी आमचे जुने गिऱ्हाईक वकीलसाहेब नवा कोट घालून आरशासमोर उभे होते, आणि ही खडू शोधत नेमकी बाहेर आली. त्यांनी तिलाच विचारलं, कसा दिसतो. वीस वर्षं मी या प्रश्नाला 'झकास' म्हणत आलोय, निम्मं दुकान त्या शब्दावर चालतं. तिने नीट निरखून सांगितलं, की कोट चांगला आहे, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे. साहेब कोट तिथेच टाकून तरातरा निघून गेले.

मी तिला शांतपणे समजावलं, की लोक असं विचारतात ते उत्तरासाठी नव्हे.

"मग कशासाठी विचारतात?"

टोमणा म्हणून नव्हे गं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं आपण तिला उर्मट म्हणत आलो. कुणी विचारलं की ती उत्तर देते, एवढाच तिचा गुन्हा. मला माझीच लाज वाटली.

दुपारभर बसून तिने कोटाचा तो खांदा उसवला आणि आत आणखी एक पॅड घातलं. शुक्रवारी साहेब माझी खरडपट्टी काढायला आले. एकदा अंगावर घाला म्हणून मी गयावया केली. घातला, आणि पाच मिनिटं आरशापुढून हलेनात. आता ट्रायलला त्यांना तीच हवी असते. मी झकास म्हटलं की नुसते हसतात.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. महिना रविवारी भरतो. तिला न्यायला येऊ नकोस. "इथे मला रोज काय करायचं ते कळतं. मला राहायचंय," असं ती म्हणाली. मलाही ती इथे हवी आहे.

ता. क. २. पत्र तिला वाचायला दिलं. मी शांतपणे समजावलं नाही, ओरडलो, तेही दोनदा, अशी तिची दुरुस्ती आहे. शिवाय म्हणाली, "आईला लिहा, मला तिची रोज आठवण येते. तिने कधी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नव्हतं."