शेळ्यांना न घातलेला मका

परभणी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई व आप्पांस,
स्वप्नाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर आई जेवलीस का एवढंच विचारते आणि फोन दादाच्या हातात देते. पत्र मात्र ती पुन्हा पुन्हा वाचून घेते, म्हणून लिहिते आहे.

पालीच्या आपल्या रानात पाणी साचलं आणि काढलेला मका भिजला, असं दादा म्हणाला. आमच्या प्रयोगशाळेत पशुखाद्य तपासतात, तिथे रोज असाच मका येतो. दाण्यावर हिरवट-पिवळी भुकटी दिसते ती बुरशी. तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्यानं जनावराचं यकृत आतून खराब होतं, दूध आटतं, गाभण शेळी गाभडते. मका धुतला, वाळवला तरी विष जात नाही.

आपल्या घरात शेळ्यांना घातल्याशिवाय कुणी घास घेत नाही. म्हणून बजावते, हा मका त्यांना अजिबात घालू नका. आई, घरात पहिली पदवी मी घेतली, निदान त्यासाठी तरी ऐक.

तुमची आठवण काढणारी,
स्वप्ना


पाली
३ नोव्हेंबर २०२५

चि. स्वप्नास दादाचा आशीर्वाद.

इकडं सारं बरं हाय. तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हनली, पोरगी शेळ्यांची डाक्टरीन झाली, आता आपल्याला काय बी शिकवंल. पर ऐकलं बरं का. आप्पा मक्याची पाटी घेऊन निघालते, तर त्यांना दारातच अडवलं. म्हनली, मुकं जनावर, पोटात दुखलं तर कुनाला सांगंल? दोन शेळ्या व्याल्या, करडं ठनठनीत हायत. एका करडाला आईनं तुझं नाव ठेवलंय, सारखं ओरडतंय म्हनून.

ज्वारी बी निम्मी पान्यात गेली. तरी आमा दोघांना आई रोज ज्वारीचीच भाकर करती.

एक वाईट झालं. आपला काळू कुत्रा मेला. दोन दिस काय खाल्लं न्हाई. साप चावला असंल, असं आप्पा म्हनत्यात. आईच्या ताटातलं खाऊन वाढलेला, तिला लई लागलं. तिलाबी जेवन जाईना. डोळे पिवळे दिसत्यात, पाय सुजल्यात. कावीळ हाय म्हनून तलवाड्याच्या मावशीनं झाडपाला धाडलाय. तू जिवाला घोर लावून घेऊ नको.

तुझा दादा,
सोमेश्वर


पाली
९ डिसेंबर २०२५

चि. स्वप्नास आशीर्वाद.

फोन उचलत न्हाईस, म्हनून लिहितो. आईचं तेरावं झालं आन् तू आप्पांशी न बोलताच गेलीस. तू रागावलीस असं त्यांना वाटतंय. घास तोंडाजवळ नेत्यात आन् ठेवून देत्यात. इचारत्यात, एका घरात ऱ्हाऊन बाई काय खाती हे मला कसं दिसलं न्हाई? मला तरी कुठं दिसलं? आमी जेवून उठल्यावर ती बसायची.

दवाखान्यात तू आईला खोदून इचारलंस म्हनून तर कळलं. मका धुवायची, वाळवायची, दळून आपल्यापुरती भाकर करायची, तुकडा काळूला टाकायची. वर आपल्यालाच समजावलं की तव्यावर भाजल्यावर कसलं विष ऱ्हातंय, आन् शेळ्यांना तर एक दाना दिला न्हाई.

उरलेला मका आप्पांनी खड्डा घेऊन पुरला. मला हात लावू दिला न्हाई. त्यांना दोन ओळी तरी लिही.

वाट बघतो,
सोमेश्वर


परभणी
१८ जानेवारी २०२६

ती. आप्पांस,
स्वप्नाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी तुमच्यावर रागावले नाही. तुमच्याकडे बघायची हिंमत होईना. ज्या विषानं शेळीचं यकृत जातं त्यानंच माणसाचंही जातं, हे मी पुस्तकात शिकले होते. पत्रात मात्र शेळ्यांपुरतंच लिहिलं. सगळ्यांच्या मागून ताटावर बसणारी आई माझ्या डोळ्यांपुढे आलीच नाही.

परवा परळीकडच्या एका वस्तीवर मका बघायला गेले होते. शेळ्यांना काय घालता हेच सवयीनं ओठांवर आलं होतं. ते सोडून तिथल्या छबुबाईंना मी विचारलं की मावशी, तुम्ही काय खाता? त्या हसल्या, म्हणाल्या की बाई, हे आजवर कुणी इचारलं न्हाई. मग त्यांनी दुरडीवरचं फडकं काढलं. मक्याची भाकरी होती आणि तिला कुबट वास येत होता.

मी ती उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि माझा डबा त्यांच्यापुढे ठेवला. आप्पा, केवढ्या भडकल्या! शिकलेल्या पोरींना अन्नाची किंमत नाही म्हणाल्या, आईबापानं काय वळण लावलं म्हणाल्या. अगदी आईसारख्या बोलल्या. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मला ते संपू नये असं वाटत होतं.

पोटभर जेवत जा. दादाला माझा नमस्कार. आईच्या वाटचाही लोभ आता तुमच्याकडेच मागते.

तुमची,
स्वप्ना