उचलणं आणि धरणं

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुझं एक वाक्य अजून आपल्या भावकीत फिरतंय. परवा कळंबला साखरपुड्याच्या पंगतीत मेव्हण्यानं ते त्याच्या भाषेत पुन्हा काढलं. तो ट्रक चालवतो, त्याचे विनोद इंजिनाच्या पुढं जात नाहीत. "दाजी, तुमचं पेट्रोल इंजिन, पिकप लई. आमच्या ताईचं डिझेल. हळू, पर नाशकापत्तोर थांबायचं काम न्हाई." पंगत हसली. तुझी सूनही हसली, तोंडाला पदर लावून. मीही हसलो. अशा वेळी न हसणारा माणूस जास्त वेडा दिसतो.

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात आडवं पडलं की तुला धाप लागायची, म्हणून तू बसूनच असायचीस. उशा घसरायच्या. भिंतीला टेकवलं तर म्हणायचीस, भिंत गार लागते आणि खोकला आला की मागं सरत नाही. मग तुझी सून तुझ्या पाठीला पाठ लावून बसायची. अंगानं काडी. माहेरी, घाटघरला, भाताच्या लावणीत दिवसभर कमरेत वाकलेली असायची, हे तिचं सगळं शिक्षण. ती मागं बसून लसूण सोलायची, मेथी निवडायची, आणि तू तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचीस.

मी तेव्हा आळेफाट्याला नुकती जिम काढली होती. मला कुणी शिकवलं नाही. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली, एकेका स्नायूचं नाव पाठ केलं. तुला पलंगावरून उचलून ओट्यावर उन्हाला नेणं माझ्याकडं होतं. तुझं वजन मला कळायचंसुद्धा नाही.

एका दुपारी सून दळण आणायला गेली म्हणून मी तुझ्यामागं बसलो. सुरुवातीला बरं वाटलं, तुझा श्वास माझ्या मणक्यात कळत होता. मग कमरेच्या वर आग पडली, पाठ थरथरायला लागली. मी सरकलो, तुला खोकला आला. पुन्हा सरकलो. शेजारच्या दोघी तुला बघायला आल्या होत्या, दारात बसून होत्या. त्यांच्यादेखत तू म्हणालीस, "राहू दे बाबा. तू उचलतो बेस, पर तुला धरता येत न्हाई. तिला येऊ दे."

आई, स्नायूत दोन तऱ्हेचे धागे असतात. एक झटक्यात जोर देतात आणि लगेच दमतात, दुसरे हळू चालतात पण दिवस काढतात. दोन्ही प्रत्येकाच्या अंगात असतात, आणि ज्याला काम द्याल ते तयार होतात. म्हणजे हा सवयीचा प्रश्न होता. तू मात्र असं बोललीस, जणू माझ्या स्वभावातच काहीतरी उणं होतं. मी वजनं बाजूला ठेवली. दुपारी जिम बंद असताना नुसता ताठ बसून पाठ तयार केली, आणि येऊन तुला सांगितलं की आता जमेल. तू सुनेकडं बघितलंस. ती उठून तुझ्यामागं बसली. एकदा बसू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तू गेलीस त्या सकाळी पलंगावरून खाली घ्यायला मात्र सगळ्यांनी मलाच बोलावलं. उचलायचंच होतं ना. जमिनीवर घोंगडी अंथरली होती. काका म्हणाले, ठेव आता. मी ठेवलं नाही, तुला धरून तसाच उभा राहिलो. काका पुन्हा म्हणाले, मग सून म्हणाली. माझे हात कापायला लागले, तेव्हा कुठं ठेवलं. बायका एकमेकींना सांगत होत्या की पोरानं लई मनाला लावून घेतलंय. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, आणि हे पत्रही कुणाला दाखवणार नाही. रडू नंतर आलं, आई. तेव्हा फक्त हात दमले होते.