दोघांच्या सुटकेचं कलम

नांदेड, सोमवार

प्रिय दया,

तुझा वकील काल दवाखान्यात येऊन गेला. कागद उशाशी ठेवून म्हणाला, "अप्पा, सही करा अन् मोकळे व्हा. उजवा हात तर चांगला हाय ना?" हात चांगला आहे. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलंय, बरगड्या दुखावल्यात, श्वास घेतला की आत कोणी विळ्यानं खरवडतंय असं वाटतं. पण लिहिता येतं. आपल्या करारातल्या कलमाची मुदत आज संपते. दिवस मावळायच्या आत सही केली की मी क्लबातून मोकळा आणि तू माझ्यापासून. वकिलानं त्याखाली आणखी एक ओळ घातली आहे: फायनलच्या दिवशी मैदानात जे घडलं त्याबद्दल माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही आणि पुढंही राहणार नाही. ती ओळ मी काल दिवसभर वाचत पडलो होतो.

ते कलम आपण कुठं ठरवलं, आठवतंय? अर्धापूरला, तुझ्या शेडमध्ये. बाया केळीच्या फण्या पाण्यात धुऊन खोक्यात भरत होत्या आणि आपण पालथ्या क्रेटवर बसलो होतो. तुझा क्लब व्यावसायिक लीगमध्ये गेला होता, तिथं कोचचा करार छापील लागतो. मी म्हणालो, "उद्या मला जावं वाटलं तर?" तू म्हणालास, "अन् मला तुला काढावं वाटलं तर?" दोघंही हसलो. वकिलानं सांगितलं की मोठ्या क्लबांच्या करारात अशी सोय असते, हंगाम संपल्यावर ठरावीक दिवसांत कोणीही कोणाला सोडू शकतो, भरपाई नाही, भांडण नाही. तू म्हणालास, "तेच टाका. पन कारन इचारायचं न्हाई. अन् फोनवर सांगायचं न्हाई. ज्याला सुटायचंय त्यानं सोताच्या हातानं लिहून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. सोयरीक मोडायला मधला मानूस लागतो, आपल्यात ते बी नको." ते कलम मला फार आवडलं होतं. दार दोन्ही बाजूंनी उघडणारं असलं की घरात बसायला भीती वाटत नाही.

वकिलाच्या कागदावर मात्र कारण लिहिलेलं आहे. "प्रकृती". कारण लिहायचं नाही असं ठरलं होतं ना रे आपलं?

पडल्या पडल्या मला परभणीची मॅच आठवत राहते. आपण कॉलेजच्या फुटबॉल संघात होतो. मी शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि लोक दगड घेऊन आत आले. मी खेड्यातून आलेला, असलं काही पाहिलेलं नव्हतं, नुसता उभा राहिलो. माझ्या डोक्यावर येणारा दगड तू मध्ये येऊन घेतलास. तुझी भुवई फाटून मांस लोंबत होतं आणि रक्तानं तुझे दात लाल झालेले. तशातही तू हसून म्हणालास, "पळ की येड्या, आरती करतो का त्यांची?" तुझा हात खांद्यावर घेऊन मी तुला दवाखान्यापर्यंत नेलं. त्या दिवसापासून सकाळच्या लिंगपूजेत, डोळे मिटण्याआधी, मी तुझं नाव घेतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण पुढचं लिहिताना मी ते विसरलो असं तुला वाटू नये.

फायनलला समोर लातूर होतं आणि त्यांच्या बाकावर गुरुपादप्पा सर. लातूरकडच्या चाकूरजवळ आमच्या गावच्या शाळेत चिंध्यांच्या चेंडूवर त्यांनीच मला हा खेळ शिकवला. मॅचच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो, "शरणु शरणार्थी" म्हणून वाकलो. आम्हा लिंगायतांत असं करताना लहानमोठा बघत नाहीत, दोघंही एकमेकांपुढं वाकतात. सत्तरी ओलांडलेले सरसुद्धा माझ्यापुढं वाकले. मग त्यांनी माझ्या कपाळाला विभूती लावली. कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं. पण टिपलं ते फक्त माझं वाकणं आणि ती विभूती. सरांचं वाकणं त्यात आलंच नाही. अर्ध्या वेळेपर्यंत ते सगळ्या स्टँडमध्ये फिरलं. आधी टोमणे होते. "ए लातूरच्या जावया, सासऱ्याचे पाय धुतले का?" "विभूती पुस, मंग कोचिंग कर!" मी लक्ष दिलं नाही. कपाळ पुसलं असतं तर सरांचा अपमान, आणि माझाही. मग पाण्याच्या बाटल्या आल्या, मग फरशीचे तुकडे. आपल्या बदली खेळाडूचा कान फाटला. पंच खेळ थांबवतील असं वाटलं, पण बहुतेक थांबवायचीच त्यांना भीती वाटली असावी.

शेवटाकडे लातूरला पेनल्टी मिळाली. सिद्धेश्वर उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून गेला. हा गोलकीपर मी चाकूरहून आणलेला, हे सगळ्यांना माहीत होतं. कुंपणाची जाळी आडवी झाली ती मला आधी ऐकू आली, करकर करत, जनावर ओरडावं तशी. तुझ्या टेम्पोंमधून अर्धापूरची जी पोरं आली होती त्यांनी क्लबाचे झेंडे केळीच्या टेकूंना बांधले होते. घडाच्या भारानं झाड मोडू नये म्हणून लावायचे ते बांबू. फडकी केव्हाच गळून पडली होती, नुसते बांबू उरले होते.

पहिला घाव मागून खांद्यावर बसला. हाड मोडलं ते कानात ऐकू आलं, दुखायला नंतर लागलं. मी पडलो. मग बूट. पोटात, पाठीत, तोंडावर. कोणीतरी माझं मनगट पायाखाली दाबून धरलं आणि दुसरा लाथा घालू लागला. तोंडात माती आणि रक्त एक झालं. मग कोणीतरी मागून कॉलर धरून मला वर ओढलं. कॉलरसोबत त्याच्या मुठीत माझ्या गळ्यातला लिंगाचा दोरा आला. तो दोरा आवळून श्वास बंद झाला, डोळ्यांपुढं काळं आलं, आणि दोरा तुटला. दया, ते लिंग आईनं माझ्या गळ्यात बांधून घेतलं होतं, मला काही कळायच्या आधी. आमच्याकडे ते मरेपर्यंत अंगावर असतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. मी उताणा पडलो तेव्हा मार विसरून छातीवर हात फिरवत होतो. छाती रिकामी होती.

तेवढ्यात सिद्धेश्वर आला. हातमोजे घातलेलेच. चेंडूवर पडावं तसा तो माझ्यावर पडला, तोंड माझ्या छातीत खुपसून, दोन्ही हात माझ्या डोक्याभोवती घालून. माझ्यासाठी वर गेलेला बांबू त्याच्यावर उतरला. पिकलं कवठ दगडावर फुटावं तसा आवाज झाला. एकदा नव्हे, दोनदा. त्याचं रक्त माझ्या डोळ्यांत उतरलं, गरम.

त्याचा डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय. कोणी मारलं ते पोलीस येऊन विचारून गेले, त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तो खोटं बोलत नाही, त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याचं तोंड खाली होतं. वर तोंड माझं होतं.

मी दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. लिंग अंगावर नसताना आम्ही अन्न घेत नाही. डॉक्टर रागावले, तुझी मंजुश्रीवहिनी रडली. तिसऱ्या दिवशी तुझ्या घरून वर्षाराणीवहिनी आल्या. पदराखालून रुमाल काढून माझ्या हातात दिला. आत माझ्या लिंगाची चांदीची डबी, स्वच्छ धुतलेली, दोऱ्याला मात्र रक्ताचा डाग तसाच. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जेवला नसाल म्हनून आले. गाडीत सापडलं." कोणाच्या गाडीत ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. उठताना त्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. त्यांना माहीत आहे. म्हणजे तुलाही माहीत आहे.

आणि ग्यानोबा आत आहे. तुझा टेम्पो चालवणारा ग्यानोबा. मला आणि सिद्धेश्वरला ओढत त्या गर्दीतून ज्यानं बाहेर काढलं तो. आमचं रक्त त्याच्या सदऱ्यावर दिसलं म्हणून पोलिसांनी त्यालाच धरला. तो सांगतोय, "म्या तर वडून काढलं हो साहेब." कोण ऐकतंय? माझ्या जबाबाला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. ती आज मिळाली, घरी जायलाही सोडतायत. तुझा वकील कालच का आला, हे मला आज कळलं.

तर दया, आता जे तुला माहीत आहे तेच लिहितो. बांबू ऋतुराजच्या हातात होता. तुझ्या पोराच्या. तुझ्या अंगणात ज्याचे पाय धरून मी चेंडू कसा मारायचा ते शिकवलं, त्याच्या. "लातूरला इकलं आमाला!" असं ओरडत त्यानं दुसऱ्यांदा मारलं. मग त्याला खाली सिद्धेश्वर दिसला, त्याच्याखाली मी दिसलो, आमची नजर मिळाली. त्याच्या मनगटाला माझा दोरा गुंडाळलेला होता. बांबू टाकून तो बारीक आवाजात म्हणाला, "अप्पाकाका." मग पळाला. रोज पूजेला बसलो की मला तो मार ऐकू येत नाही, ती हाक ऐकू येते.

हे पत्र म्हणजेच माझी नोटीस. आपलं ठरलं होतं तशी, माझ्या हातानं लिहिलेली, कारणाशिवाय. मी आजपासून तुझ्या क्लबाचा कोच नाही. वकिलाचा कागद सहीविना सोबत परत देतोय. त्या कलमानं मी मैदानातून सुटलो, तेवढंच. उद्या सकाळी पूजा झाली की मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे. ऋतुराजचं नाव सांगणार आहे आणि ग्यानोबानं काय केलं तेही सांगणार आहे. तुझ्या भुवईवरची ती खूण मला रात्रंदिवस दिसते. पण त्या दिवशीचा दगड तू स्वतःच्या अंगावर घेतला होतास. या वेळचा सिद्धेश्वरनं घेतलाय, तो मी तुझ्यासाठी माफ कसा करू? हे दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून लिहिलं. संध्याकाळच्या आत मंजुश्रीला घेऊन रिक्षानं अर्धापूरला येईन, पत्र तुझ्या हातात देईन आणि पायरीवरूनच वळेन, चहाला थांब म्हणू नकोस. एकच मागतो. उद्या ठाण्याच्या दारात मी तुमची वाट बघत उभा राहीन. पोलीस शोधत येण्याआधी तूच त्याला घेऊन ये. तो घाबरलेला असेल. त्याचा एक हात तू धर. माझा एक हात झोळीत आहे, दुसरा मोकळा आहे. त्याचा दुसरा हात मी धरीन.

तुझाच,
चंद्रप्पा