चुन्याखालच्या ओळी

सोमवार, ३
आलो एकदाचा. देऊळ पाहून प्रवासाचा शीण पळाला. हजार वर्षांचे खांब, आणि तीर्थंकरांची मूर्ती इतकी शांत, की माझ्यासारखा बडबड्याही गप्प बसला. विश्वस्तांना या जैन मंदिराचा इतिहास लिहून हवाय. देवळालगत दोन खोल्या दिल्यात, उजेड भरपूर. बायको आणि छकुली शनिवारी येतील. एवढं मोठं अंगण पाहून छकुली हरखून जाईल.

मंगळवार, ४
मंडपातल्या शिलालेखाचा ठसा घेतला. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकायचा, वर शाई फिरवायची. अक्षरं पांढरी उमटतात. एकवीस ओळी: कोणी जमीन दिली, कोणी खांब उभारले. खालचा भाग चुन्याने लिंपलेला. देखभाल करणारे काका म्हणाले, तेवढं सोडा साहेब, आधीच्या लिहिणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगितलं होतं. आधीचे कोण, असं विचारल्यावर ते झाडू शोधायला गेले. झाडू त्यांच्या हातातच होता.

बुधवार, ५
सोडतो कसला. चुना खरवडला. खाली आणखी तीन ओळी, त्याच जुन्या लिपीत: इतिहास लिहिणारा आला. त्याने कागद ओला केला. त्याने चुना काढला.
हा काकांचाच चावटपणा. पण काकांना साधं वर्तमानपत्र वाचता येत नाही. मग विश्वस्त? मला इथून घालवायचंय का कुणाला? संध्याकाळी मंडपाला माझं कुलूप ठोकलं, किल्ली खिशात.

गुरुवार, ६
पंचविसावी ओळ: त्याने कुलूप घातले. खाचा ताज्या नाहीत, झिजलेल्या. काकांना गाठलं. शेवटी बोलले. आधीच्या दोघांचीही बायकापोरं आली, मंडपात गेली, ती परत दिसली नाहीत. म्हणून लिंपलं.

शुक्रवार, ७
बायकोला फोन केला, येऊ नका म्हणालो. ती हसली, बरं म्हणाली. जीव भांड्यात पडला.
सव्विसावी ओळ: ती बरे म्हणाली आणि निघाली —
फोन लागत नाही. आता गाडी नाही; पहाटेच निघून रस्त्यावरच गाठून दोघींना परत पाठवायला हवं.

शनिवार, ८
निघण्याआधी चुना लिंपायला आत आलो. लिंपतोय, गळून पडतोय. दार मागे लागलं — बाहेरून माझंच कुलूप. वही तेवढी जवळ आहे —

छकुलीचा आवाज. बाबा, दार उघडा म्हणते. मी ओरडलो, आईला घेऊन पळ. ती म्हणते, आई तर केव्हाच आत गेली —

आत मी एकटा आहे.

नवी ओळ. वाचायची नव्हती. त्याने किल्ली फटीतून बाहेर सरकवली —
नाही. किल्ली माझ्या मुठीत आहे. फटीत तिची चिमुकली बोटं — रडते आहे — देणार नाही, मी दे