सुभाषची घागर

कोरीट. आखाजी, संध्याकाळ.

ती घागर डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचा अंगणातला नाट्यमहोत्सव यंदा पहिल्यांदाच सुभाषशिवाय झाला. सुरू त्यानेच केला होता. दरवर्षी साडीच्या पडद्याआडून मला विचारायचा, "लोके उनात का?" आले का लोक, एवढीच त्याची धास्ती. गेल्या वर्षी पुढच्या सतरंज्या रिकाम्याच होत्या. मग पावसाळ्यात तो गेला. तरी काकीने, त्याच्या आईने, यंदाही अंगण दिलं. आणि काल गाव आलं! बाया, म्हातारे, ओट्यावरसुद्धा जागा उरली नाही.

पुण्याहून आलेल्या चित्रकार मुलीने ती सगळी गर्दी रंगवली. कशावर? ओट्यावरच्या कोऱ्या घागरीवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात; आज सुभाषच्या नावाने भरायची पहिली घागर होती ती. पोरीला बिचारीला काय माहीत? सकाळी कळलं तेव्हा रडायलाच लागली. दुसरी आणते म्हणून मी चपला घातल्या, तर काकीने हातानेच थांबवलं.

तिने तीच घागर पाण्याने भरली, वर सांजोरी ठेवली आणि चित्राची बाजू भिंतीकडे फिरवली. मला लागलं ते. एवढं लपवायचं होतं तर दुसरी आणू द्यायची ना! तसं बोललेही.

काकीने माझ्याकडे बघितलं नाही. घागरीमागे भिंतीला टेकवलेला सुभाषचा फोटो पदराने पुसत म्हणाली, "यंदा कोन कोन उनात, ते त्याले देखू दे माय."