बेटावरची पाहुणी

लटारूभाऊले वच्छलाचा नमस्कार.

मार्कंड्याची जत्रा आटोपली अन् आपण सगळे वैनगंगेतल्या बेटावर राह्यलो. तट्ट्याच्या झोपड्या, रेतीवर चूल, माझ्या दोन्ही पोरींचा दिवसभर पाण्यात धिंगाणा. आमच्या मालकानं देवकाले सोबत आणलं. दूरच्या नात्यातली पोरगी हाये, असं मले सांगतलं. मी तिले मासे रांधून वाढले, तिची वेणी घातली. भाऊ, तुमी समोर बसून जेवत होते!

निघायच्या आदल्या दिवशी देवकाच मले म्हणाली, "बाई, तुमचं मन लय मोठं. सवत आणाले कोण हो म्हणते?"

"मी कवा हो म्हटलं?"

"तुमच्या भावानं सांगतलं. पोरगा नाई, म्हणून तुमीच मले पसंत केलं."

खरं कळल्यावर ती रडाले लागली. तिले अन् पोरींले मी डोंग्यात बसवलं अन् बांबूनं लोटत काठाले आणलं. डोंगा एकच होता. तुमी दोघं रेतीवरून हाका मारून राह्यले होते. देवकाले मी चामोर्शीले तिच्या बापाच्या दारात पोचवून आली.

पहिली असताना दुसरी करता येत नाई, असा कायदा झाला. तुमी मास्तर, तुमाले मालूम नव्हतं? मालकाचं मी पाहून घेईन. पण तुमी माझ्या नावानं हो काऊन म्हटलं? माझं तोंड मेलं होतं?

हे पत्र टपालात टाकत नाई. राखीले याल, तवा सगळ्यांसमोर वाचीन. मंग हात पुढं करा.

तुमची बहीण,
वच्छला